पाटोळ्यांची विनंती

घाटकोपर (पूर्व)
१० मार्च २०२५

प्रिय अक्का,

सलाम. तुझ्या कानाचं मशीन दुरुस्त झालं का, हे मी परवा फोनवर ओरडून ओरडून विचारलं. तुला काही ऐकू गेलं नाही, पण खालच्या मजल्यावरचे राजेशभाऊ काय झालं म्हणून धावत वर आले. तेव्हा पुन्हा आपलं पत्रच बरं. व्हॉट्सॲप तू शिकणार नाहीस, आणि रिटायर्ड मेट्रनला शिकवायची माझी छाती नाही.

तर, मी वैतागलोय.

लेंटचे उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले. आमचे नवे पाळक, विद्याधरसाहेब, तरुण आहेत, उत्साही आहेत, आणि त्यांना स्वतःला मूल एकच, तेही अजून रांगणारं. त्यांनी चर्चच्या पुरुष मंडळाच्या सभेत आम्हा बापांना फैलावर घेतलं. म्हणाले, ‘तुम्ही मुलांना उपदेश करता, शिस्त लावता, पण कधी काही विचारता का?’ आता ईस्टरपर्यंत रोज घरच्या प्रार्थनेनंतर प्रत्येक बापाने मुलांना एक चांगला प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकून घ्यायचं. नमुन्याचे प्रश्न छापून दिलेत. मी म्हटलं, यात काय अवघड? एवढी वर्षं विमा कंपनीत दावे तपासतोय. प्रश्न विचारणं हाच माझा धंदा. गाडी खरंच चोरीला गेली की मेव्हण्याच्या गावी ताडपत्रीखाली उभी आहे, हे मी चहा संपायच्या आत काढून दाखवतो.

अक्का, घरात माझी डाळ शिजत नाही.

पहिल्या दिवशी श्वेताला विचारलं, ‘आज देवाचे आभार मानावेत असं काय घडलं?’ तिची दहावीची परीक्षा चालू आहे. म्हणाली, ‘एक पेपर संपला.’ दुसऱ्या दिवशी, ‘तुझ्या मनावर कसलं ओझं आहे?’ तर म्हणे, ‘पुढचा पेपर.’ काल विचारलं, ‘मी आणखी चांगला बाप कसा होऊ शकेन?’ ती म्हणाली, ‘हे प्रश्न परीक्षेनंतर विचारून.’ शीतलला मुलींसमोर हसू नको म्हटलं तर ती आणखी हसते.

केझियाचं वेगळंच. ती उलट बोलत नाही. चोवीस वर्षांची घोडी झाली, अंधेरीच्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवते. माझ्यासमोर मात्र हात मांडीवर ठेवून बसते. ‘ठीक आहे, पप्पा.’ ‘काही नाही, पप्पा.’ काल मी नमुन्याचा कागद पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं, तर म्हणाली, ‘उत्तर लिहून घेणार आहात का?’ मी म्हटलं, फक्त मुद्दे. ती उठून झोपायलाच गेली.

ही पोरगी माझ्याशी किती बोलायची, तुला ठाऊक आहे. गेल्या ऑगस्टमध्ये मला अटॅक आला तेव्हा हॉस्पिटलातून हलली नाही. नंतर कुठेतरी तिचं बोलणं आटलं. कामाचा ताण असेल. मला वाटलं होतं, या प्रश्नांनी ती पुन्हा बोलायला लागेल. तू आयुष्यभर पेशंटना बोलतं केलंस. काही युक्ती असली तर कळव.

तुझा
जयवंत


मिरज
१५ मार्च २०२५

जयवंता,

सलाम. मशीन दुरुस्त झालंय. पण ते घातलं की शेजारच्यांची भांडणं ऐकू येतात, म्हणून काढून ठेवते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा तुझ्या पोरींची दया आली. अरे शहाण्या, समोर बसवून, चष्मा लावून, पेन उघडून विचारल्यावर कुणी बोलतं का? तुझ्या घरात ‘आमेन’ म्हणायची खोटी, की चौकशी सुरू!

मी वॉर्डात नव्या पोरींना सांगायचे, पेशंटला काय होतंय ते चादर बदलता बदलता विचारा. तोंडाकडे बघणाऱ्याला माणूस ‘बरं आहे’ म्हणतो. चादर ओढणाऱ्याला खरं सांगतो. तेव्हा हातात काहीतरी काम घे, दोघांनी मिळून करायचं असं. तो नमुन्याचा कागद मसाल्याच्या डब्यांखाली अंथर. आणि ज्याचं उत्तर तुला खरंच ठाऊक नाही, असं काहीतरी विचार. तू सगळे प्रश्न उत्तर ठरवून विचारतोस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. ‘अक्का, तूच माझा पेरू खाल्लास ना?’ असं विचारायचास. मग मी कशाला खरं सांगेन?

शीतलला सांग, हसणं सोडू नको.

अक्का


घाटकोपर (पूर्व)
२८ मार्च २०२५

प्रिय अक्का,

तुझ्या तोंडात साखर पडो! केझिया बोलली.

संडे स्कूलची मुलं ईस्टरला नाटुकलं करणार आहेत. ते केझियाच बसवते. त्यात येशूच्या कबरीच्या दारावरचा धोंडा हवा होता. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फ्रिजचं रिकामं खोकं आणलं आणि काल संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसलो. ती कागदाचे कपटे खळीत बुडवून देत होती, मी खोक्यावर चिकटवत होतो. हात बरबटलेले, त्यामुळे चष्मा पुसायचीही सोय नाही. धोंडा गोल व्हायचं नाव घेईना, तेव्हा ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मी म्हटलं, हीच वेळ. कागदावरचा एकही प्रश्न नको. मला खरंच ठाऊक नव्हतं ते विचारलं. ‘केझी, तू प्रार्थना करतेस तेव्हा मनात काय चालतं गं?’

ती कपटे बुडवतच राहिली. मग खाली बघून म्हणाली, ‘बरेच महिने मी नुसती बोलते, पप्पा. पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नाही. मुलांना शिकवताना स्वतःचीच लाज वाटते.’

माझ्या हातातला कपटा हातातच वाळला. मी म्हटलं, ‘असं बोलू नये. विश्वास ठेव, सगळं ठीक होईल.’ ती ‘हं’ म्हणाली. मग खळ संपली आणि आम्ही आत आलो.

अक्का, पोरगी बोलली याचा आनंद मानू की काय ऐकलं याने घाबरू, मला कळेना झालंय. आपले दादा गावोगाव फिरून सुवार्ता सांगायचे. त्यांची नात असं म्हणते! शीतलला अजून बोललो नाही. पण परवा रविवार आहे. प्रवचन झालं की पाळकसाहेब विचारतात, ‘कुणाची विनंती?’ लोक उभं राहून आजारपण, नोकरी, लग्न जे असेल ते सांगतात आणि सगळी मंडळी त्यासाठी प्रार्थना करते. मी उभा राहणार आहे. माझ्या अटॅकच्या वेळी याच मंडळीने प्रार्थना केली आणि मी जिवंत आहे. असलं ओझं एकट्याने वाहायचं नसतं. मंडळी असते कशाला मग?

तुझी युक्ती झकास.

जयवंत


मिरज
२ एप्रिल २०२५

जयवंता,

पोस्टमनने पत्र आत्ता हातात दिलं. आज बुधवार. म्हणजे रविवार होऊन गेला.

उभा राहिलास का?

राहिला नसशील तर राहू नकोस. शेजारच्या श्रुतिकाला तुझा फोन लावायला सांगितला, तर तो बंद. राहिला असशील तर पुढे काय लिहावं ते मला सुचत नाही. आणि मला सुचत नाही असं फारसं होत नाही.

अक्का


घाटकोपर (पूर्व)
७ एप्रिल २०२५

प्रिय अक्का,

राहिलो.

आणि आता तूही मला बोलणार असशील तर आधी माझं ऐकून घे. मी तिचं नाव घेतलं नाही! एवढंच म्हणालो, ‘माझ्या मोठ्या मुलीचा विश्वास डळमळतोय, तिच्यासाठी प्रार्थना करा.’ शीतल म्हणते, ‘तुम्हाला मोठ्या मुली आहेत किती?’ केझिया पुढच्या बाकावर संडे स्कूलच्या पोरांत बसली होती. सगळी पोरं तिच्याकडे वळली. एकाने तर मोठ्याने विचारलं, ‘टीचर, तुम्हाला काय झालं?’ केझी सगळ्यांचे डोळे मिटल्यावर बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या पाचजणी घरी हजर. एकीने शिरा आणला होता, आजाऱ्याला बघायला यावं तसा. दुसरीने केझीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तिने ठेवू दिला, मान खाली घालून बसली. आणि निघताना तिसरी दारात तिच्या कानाशी लागून काय विचारते? ‘मुलगा दुसऱ्या समाजाचा आहे का?’ अक्का, मला त्या बाईच्या हातातली शिऱ्याची वाटी काढून घ्यावीशी वाटली. बुधवारी संडे स्कूलच्या मुख्य बाईंचा फोन. ‘थोडे दिवस विश्रांती घे, केझिया. नाटुकलं आम्ही बघतो.’ सहा वर्षं शिकवतेय ती तिथे.

शनिवारी तिने बॅग भरली. आज रात्रीच्या गाडीने तुझ्याकडे निघालीय, हे पत्र मिळेल तेव्हा पोचलेली असेल. क्लिनिकमधून रजा घेतलीय. कधी येशील विचारलं, तर म्हणाली, ‘सांगलीला एका क्लिनिकमध्ये जागा आहे, बघते.’ म्हणजे येणारच नाही की काय? मी म्हटलं, ‘अगं, पण माझं चुकलं काय?’ ती म्हणाली, ‘पप्पा, मी तुम्हाला सांगितलं होतं.’ बस्स. याचा अर्थ काय? मला सांगितलं म्हणूनच तर मी पुढे केलं ना!

पोटच्या पोरीसाठी प्रार्थना मागायची नाही, तर बापाने करायचं काय? विचारलं नाही तर म्हणतात विचारत नाही. विचारलं तर घर सोडून जातात. मी कुणाचं काय घोडं मारलंय? विद्याधरसाहेब भेटायला आले होते, मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आता मला एकही प्रश्न छापून देऊ नका.

तो धोंडा गॅलरीत वाळून कडक झालाय. न्यायला कुणी आलं नाही. शीतलला कपडे वाळत घालायला अडचण होते, पण टाकायचा म्हटलं की तिचे डोळे भरतात.

जयवंत


मिरज
१२ एप्रिल २०२५

जयवंता,

केझी सुखरूप पोचली. आधी नुसती झोपली. मग माझं स्वयंपाकघर धुऊन काढलं. मग माझा गुडघा धरला आणि असा काही वाकवला, की मी आयुष्यात पेशंटना जे जे केलं ते सगळं फेडलं.

आता तुझं. तुझ्या टेबलावर कागद आला की तू त्यावर शेरा मारतोस आणि वर पाठवतोस. ऑफिसात ते बरोबरच आहे. पण पोरीने जीव मुठीत धरून तुझ्यापुढे काहीतरी ठेवलं, आणि तू तेही शेरा मारून वर पाठवलंस! तिने मंडळीला सांगितलं नव्हतं. पाळकांना नव्हतं. देवाला सांगता येईना, म्हणून तर तुला सांगितलं रे बाबा. एवढं तरी तुझ्या डोक्यात यायला हवं होतं. प्रार्थना करायला कोण नको म्हणतंय? पोटभर कर. तोंड मिटून कर.

आणखी एक. ती बोलली आणि तू लगेच ‘विश्वास ठेव’ म्हणून मोकळा झालास. पहिला प्रश्न कुणीही विचारतं, तो छापूनसुद्धा मिळतो. दुसरा मिळत नाही. तो समोरच्याचं ऐकल्याशिवाय सुचत नाही. चोरीला गेलेल्या गाडीबद्दल तुला दहा प्रश्न सुचतात आणि पोरीबद्दल दुसरा सुचू नये? मला तुझा असा राग आलाय, की तू इथे असतास तर कान पिरगाळला असता. पन्नाशी उलटलेला असलास तरी.

तिने मला सगळं सांगितलंय. मी तुला त्यातलं अक्षर सांगणार नाही. विचारायचं तर तिला विचार. फोन करू नकोस, ती कट करेल. लिही. सांगलीवाल्यांना तिने मे महिन्यात उत्तर द्यायचंय.

अक्का


घाटकोपर (पूर्व)
१९ एप्रिल २०२५

प्रिय केझी,

याआधी लिहिलेली पत्रं फाडली. एकात उपदेश आला, एकात माझीच बाजू आली, आणि एक मम्मीने वाचलं आणि तिनेच फाडलं.

मला माफ कर. तू मला सांगितलंस आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं. ‘चांगल्या हेतूने’ असं पुढे लिहिलं होतं, मम्मी म्हणाली ते खोड. खोडलं.

काल गुड फ्रायडेच्या उपासनेला बसलो होतो. तुझी जागा रिकामी होती. बाहेर पडताना लोक विचारत होते, केझिया कशी आहे? मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं, आणि ते म्हणताना मला फार वाईट वाटलं.

उद्या ईस्टर. त्यांनी थर्माकोलचा नवा धोंडा केलाय. आपला गॅलरीतच आहे. श्वेता त्यावर बसून मोबाईल बघते. मजबूत झालाय.

त्या संध्याकाळी मी तुला जे विचारायला हवं होतं ते आता विचारतो. तुझं उत्तर मी कुणाला दाखवणार नाही, पाळकसाहेबांना नाही, मम्मीलाही नाही. कधीपासून, बाळा? काय झालं होतं?

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. हे वाक्य मी माझ्या मनाने लिहिलंय, आत्याने सांगितलेलं नाही.

तुझा
पप्पा


मिरज
२५ एप्रिल २०२५

पप्पा,

सलाम. तुमचं पत्र बघून आधी रागच आला, न वाचता परत पाठवणार होते. मग वाचलं, आणि धोंड्यावर बसलेली श्वेता डोळ्यांसमोर आली. म्हणून लिहितेय.

ऑगस्टपासून.

तुम्ही आयसीयूत होता तेव्हा बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी चेतना बसायची. मानखुर्दची आहे, माझ्याच वयाची. तिचे बाबा, कुंडलिककाका, तुमच्या शेजारच्या बेडवर होते. त्यांनाही अटॅकच. आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो, तिच्या आईची भाकरी आणि मम्मीचा पुलाव. एकदा मी डोळे मिटून बसलेले बघून ती म्हणाली, ‘आमच्यात असं मागत नाहीत गं, आम्ही वंदना घेतो. पण तू मागतेयस ना, तर माझ्या बाबांचं पण नाव घे ना यार.’ मी घेतलं. रोज दोन नावं घेत होते, पप्पा. एकाच श्वासात. कधी तुमचं आधी, कधी त्यांचं.

तुम्हाला वॉर्डात हलवलं त्याच दुपारी काका गेले. मी चेतनाजवळ होते. ती रडत नव्हती. तिने मला एवढंच विचारलं, ‘तू घेतलं होतंस ना नाव?’

मग तुम्ही बरे झालात आणि चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिलीत. ‘देवाने माझ्या मुलीची प्रार्थना ऐकली.’ सगळी मंडळी आमेन म्हणाली. अर्धी ऐकली, पप्पा.

हे मी तुम्हाला कसं सांगणार होते? तुम्ही वाचलात याचाच मला त्रास होतोय, असं तुम्हाला वाटलं असतं. तसं नाहीये. तुम्हाला वॉर्डात बसून चहा पिताना बघितलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन इतकी रडले, की नर्सने दार ठोठावलं. पण ‘देवाने ऐकलं’ असं मला आता म्हणता येत नाही. कारण ते चेतनासमोर म्हणता येणार नाही. आणि जे तिच्यासमोर म्हणता येत नाही, ते मुलांना कसं शिकवू?

मी ‘ठीक आहे’ म्हणत राहिले, कारण तुम्हाला प्रश्न कागदाने दिला होता. गॅलरीत तुम्ही स्वतः विचारलंत. म्हणून थोडंसं सांगून बघितलं. त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

आता तुम्ही उत्तर द्याल. प्लीज, देवाच्या योजनेचं देऊ नका. ते मी सहा वर्षं शिकवलंय, मला पाठ आहे.

केझिया


घाटकोपर (पूर्व)
३० एप्रिल २०२५

केझी,

माझ्याकडे उत्तर नाही.

तयार केली होती. अंधेरीला ऑफिसला जाता-येता मेट्रोत उभ्या उभ्या चांगली दोन-चार तयार केली. पण प्रत्येक वेळी चेतना समोर उभी आहे असं धरून म्हणून बघितलं. एकही टिकलं नाही. दुसऱ्या कुणाला विचारायला गेलो नाही. विद्याधरसाहेब भेटले, त्यांनी ‘केझियाकडून काही कळलं का?’ म्हणून विचारलं. मी म्हटलं, पत्र आलं. पुढे बोललो नाही. मला ते फार जड गेलं, खोटं कशाला सांगू. पण जमलं.

कुंडलिकराव मला आठवतात. मध्ये पडदा होता. पडद्याआडून त्यांनी एकदा मला विचारलं होतं, ‘साहेब, भाईर बसती ती तुमची पोरगी का? माझ्या पोरीला जेवायला लावती.’ मी हो म्हटलं आणि कूस वळवली. त्यांचं नाव मला तुझ्या पत्रातून कळलं.

मी वाचलो त्याचे आभार मी मानणारच, ते सोडता येत नाही. पण साक्षीत मी एकच बेड सांगितला, हे खरं आहे.

चेतना आता कशी आहे? तिच्या घरी कोण कोण असतं? कधी मला तिच्याकडे घेऊन जाशील का? नाही म्हणालीस तर का, असं विचारणार नाही. सांगलीचं तुझं तू ठरव. मला तू घरी हवी आहेस, हे तुला ठाऊक असू दे, एवढंच.

पप्पा

ता. क. धोंडा टाकलेला नाही.


घाटकोपर (पूर्व)
१९ मे २०२५

प्रिय आत्या,

सलाम. सांगलीवाल्यांना नाही म्हणून कळवलं. तू गुडघ्याचे व्यायाम करत नाहीयेस, हे मला इथे बसून कळतंय. कर.

शनिवारी पप्पांना घेऊन मानखुर्दला गेले. निघाल्यापासून त्यांना बजावत होते. प्रार्थना करायची नाही, साक्ष द्यायची नाही, ‘देवाची इच्छा’ म्हणायचं नाही. शेवटी रिक्षात ते वैतागून म्हणाले, ‘मग मी बोलू काय?’ मी म्हटलं, ‘नका बोलू.’ आत्या, त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

चेतनाच्या आईने, शकुकाकूंनी, चहा केला. भिंतीवर बुद्धाच्या फोटोशेजारी काकांचा फोटो होता. पप्पा त्याच्याकडेच बघत बसले. चहा संपला. मग पप्पांनी घसा खाकरला. आता झालं, म्हटलं, लागली वाट. ते म्हणाले, ‘वहिनी, हे कामावरून घरी आले की आधी काय करायचे?’

काकूंनी फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘आधी मला हाक मारायचे. डोळ्यापुढं माठ असायचा, तरी म्हनायचे, शकू, पानी कुठाय?’

पप्पांनी विचारलं, ‘मग तुम्ही काय म्हणायच्या?’

‘म्या म्हनायचे, तुमच्या बापानं ठिवलंय तितंच हाय!’ आणि काकू हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, परत हसल्या. मग बोलतच सुटल्या. काका भाजी आणायचे ती नेहमी किडकी कशी निघायची, चेतनाच्या शाळेत भांडायला गेले आणि बाईंना घाबरून गुपचूप परत कसे आले. पप्पा मधेच एखादी गोष्ट विचारायचे आणि गप्प बसून ऐकायचे. शेवटी म्हणाले, ‘मी त्यांच्या शेजारी होतो. बोलायचं राहून गेलं.’ काकूंनी त्यांना आणखी चहा दिला. निघताना चेतना दारात मला म्हणाली, ‘तुझे पप्पा सॉलिड आहेत यार. आणि तू सांगायचीस, प्रश्न विचारून डोकं खातात!’ मी म्हटलं, खायचेच. श्वेताचं अजून खातात.

माझं तसंच आहे, आत्या. पलीकडे कुणी आहे की नाही, मला अजून ठाऊक नाही. पप्पांना हे सांगितलं. ते ‘हं’ म्हणाले आणि विचारलं, ‘आज तरी कसं वाटलं?’ मी म्हटलं, बरं वाटलं. त्यांनी त्यापुढे काही जोडलं नाही.

काल मम्मीसाठी चर्चला गेले. सगळ्यात मागे, दाराजवळ बसले. प्रवचन झालं, पाळकसाहेबांनी विचारलं, ‘कुणाची विनंती?’ कुणाचं लग्न जमत नव्हतं, कुणाचं ऑपरेशन होतं. मग ते पप्पांकडे वळले. ‘पाटोळेकाका, तुमची काही विनंती?’

चर्चमधल्या सगळ्या माना माझ्याकडे फिरल्या. पप्पा उठले. मी पर्स उचलली आणि उठायच्या तयारीत बसले.

‘आहे,’ पप्पा म्हणाले. ‘पण ती माझ्याजवळच राहू दे.’

आणि ते खाली बसले. मी पर्स परत बाकावर ठेवली.

तुझी
केझी